एका ख्रिस्ती भजनसंध्येस

माझे एक ख्रिस्ती स्नेही गेलीं अठरा वर्षें आमच्या घरच्या गणपतीस येतात. आरतीच्या वेळीं मागें उभे राहून झांज वाजवितात, प्रसाद घेतात आणि जातात. मी मात्र त्यांच्या उपासनेस एकदांही गेलों नव्हतों. त्यांनीं बोलावलें नाहीं, अशी मी स्वतःची समजूत घालीत असें. यंदा त्यांनीं बोलावलें. पनवेलांत त्यांच्या मंडळीची भक्तिसंगीताची सायंकाळ होती. "रविवारीं मोकळे आहांत का?" एवढेंच त्यांनीं विचारलें; आणि खरें सांगावयाचें तर माझ्या मनांत प्रथम सबबीच आल्या.

भीति होती ती अवघडण्याची. सगळे उभे राहिले तर आपण उभें राहावें कीं बसून राहावें? सगळे गाऊं लागले तर ओठ हालवावे कीं मिटावे? जें मी मानीत नाहीं तें म्हणणें हा खोटेपणा, आणि न म्हणावें तर मित्राचा उपमर्द. ह्या विवंचनेंतच मी सभागृहांत शिरलों.

व्यासपीठावर गिटार होतें, कीबोर्ड होता, ड्रम होते. पडद्यावर पदांचे शब्द उमटत होते. पहिलीं गाणीं विलायती चालीचीं. तरुण मंडळी हात उंचावून तल्लीन झालीं होतीं, आणि मी पाहुण्यासारखा बसलों होतों. मग एक वृद्ध गृहस्थ पेटीवर येऊन बसले, तबल्यावर थाप पडली, आणि अस्सल मराठी वळणाचें भजन सुरू झालें. माझ्या नकळत माझीं बोटें गुडघ्यावर ताल धरूं लागलीं. "हें टिळकांचें," स्नेही हळूच म्हणाले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची हकीकत आपणांपैकीं पुष्कळांस लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळें ठाऊक असेल. १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं जन्मलेल्या ह्या कवीनें १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं मराठी ख्रिस्ती उपासनेंत इंग्रजी पदांचीं भाषांतरें विलायती चालींवर पुष्कळदां गाइलीं जात. टिळकांनीं तेथें अभंग आणले, भजनें आणलीं, कीर्तनाचा रंग आणला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. १९१९ सालीं ते वारले. परंतु 'उपासना संगीत' ह्या पुस्तकांत त्यांचीं पदें आजही मोठ्या संख्येनें आहेत.

ही वाट त्यांच्याही पूर्वींची आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोमंतकांत रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठींत असून त्याची लिपि मात्र रोमन होती. आणि पनवेलकरांस तर इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. येथील बेने इस्राएल लोकांचें 'बेथ एल' प्रार्थनामंदिर १८४९ सालचें. ह्या समाजानें १८८० च्या सुमारास मुंबईंत मराठी कीर्तनाची प्रथा सुरू केली, आणि हरदासी ढंगानें अब्राहाम व योसेफ ह्यांच्या कथा सांगितल्या. देव ज्याचा त्याचा. परंतु त्याला आळविण्याची रीत आपण सर्वांनीं एकाच घरून घेतलेली आहे.

तथापि माझा प्रश्न ह्यानें सुटला नव्हता. चाल ओळखीची निघाली म्हणून श्रद्धा माझी होत नाहीं. कार्यक्रम संपल्यावर आम्ही पायींच निघालों, तेव्हां मीं त्यांस विचारलें, "आमच्या आरतीचे शब्द तुम्ही म्हणतां का हो?"

ते थबकले, मग हंसले. "नाहीं. शब्द तुमचे आहेत. मला झांज वाजवितां येते, ती मी वाजवितों."

अठरा वर्षें ते माझ्या मागेंच उभे होते, आणि त्यांचे ओठ मिटलेले असतात हें मीं कधीं पाहिलें नव्हतें. त्या मौनानें माझा उपमर्द झाला, असें मला क्षणभरही वाटलें नाहीं. उलट, झांजेवांचून आमची आरती सुनी वाटली असती. जी मोकळीक त्यांनीं इतकीं वर्षें सहज घेतली, तीच मला तेथें मिळणार होती. मी उगाच घाबरलों होतों.

नाताळांत त्यांच्याकडे पुनः गायन आहे. शब्द त्यांचेच राहतील. पण ह्या खेपेस बोलावण्याची वाट न पाहतां मी जाणार आहें.