पावशा ओरडतोय, पण पेरायचं का?

मी पुण्यात कोड लिहितो आणि बाबा परभणीकडे सोयाबीन पेरतात. त्यामुळे मे संपत आला की आमच्या फोनवर एकच विषय, पाऊस.

बाबांकडे ढीगभर खुणा आहेत. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस. कावळ्याने बाभळीवर घरटं केलं तर पाऊस कमी, आंब्यावर केलं तर चांगला. मुंग्या अंडी घेऊन उंच जागी निघाल्या की आलाच. आणि पावशा, 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणणारा पक्षी.

मी आधी हे सगळं एकाच पोत्यात भरायचो. पण नक्षत्राचं वाहन घ्या. ते कसं ठरतं माहितीये? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, 9 ने भागायचं, बाकी बघायची. बाकी 3 आली की बेडूक! म्हणजे आपला मोड्युलो ऑपरेटर. मला हे भारी आवडतं, पण या कोडमध्ये आभाळाकडे बघणारी एकही ओळ नाही. पावशाचं तसं नाही. त्याचा विणीचा हंगाम पावसाच्या आसपासचा, अंडी घालायची सातभाईंच्या घरट्यात, म्हणून तो तेव्हा ओरडत सुटतो. हंगाम जवळ आलाय, एवढं तो सांगतो. पहिल्या सरीनंतर खंड पडेल का, हे त्याला विचारू नये.

आम्ही विचारलं होतं. चार वर्षांपूर्वी पावशा ओरडत होता, मुंग्या निघाल्या होत्या, एक दणदणीत सर पडली. बाबांनी फोन केला, "तुझा मोबाईल काय म्हणतो?" ॲपवर आठवडाभर ढगांची चित्रं. मी म्हटलं, पेरा. मग 19 दिवस कोरडे गेले. उगवलेलं करपलं, दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलं. बाबा मला काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आजी मात्र बोलली. "रानात हात घालून बघितलं का कुणी? वीतभर ओल गेल्याबिगर चाड्यावर मूठ धरू नये." कृषी विभाग तेच सांगतो, 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.

यंदा जूनमध्ये बाबांचा फोन आला. मागे पावशा स्पष्ट ऐकू येत होता.

"काय म्हणतो मोबाईल?"

"ओल किती गेलीये?"

थोडा वेळ नुसता खुरप्याचा आवाज. "चार बोटं."

"मग थांबा, बाबा."

"थांबलोच आहे. तू काय म्हणतोस, तेवढं बघत होतो."