वाहत्या पाण्याचे खरे चित्र



धबधब्याची दोन छायाचित्रे शेजारी ठेवली. एकात थेंब न् थेंब काचेच्या मण्यासारखा सुटा, दुसऱ्यात तेच पाणी मलमलीच्या पदरासारखे सलग. तर यांतले खरे कोणते, असा प्रश्न आम्हां छायाचित्रकारांना हटकून विचारला जातो. आज त्याचाच विचार करू.

८० सेंटिमीटर उंचीवरून पडलेला थेंब खाली पोचताना सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने धावत असतो. कॅमेऱ्याचे शटर १/१००० सेकंद उघडले, तर तेवढ्यात तो ४ मिलिमीटर सरकतो. चित्रात तो थबकल्यासारखा दिसतो. तेच शटर १/२ सेकंद उघडे ठेवले, तर त्या वेगाचे पाणी २ मीटर सरकते. थेंबाची रेघ होते आणि रेघा एकमेकींत मिसळून पांढरा पदर तयार होतो.

यांपैकी एकही दृश्य डोळ्यांना दिसत नाही. मग डोळाच प्रमाण मानावा काय? इंग्रज शास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन थेंब आपटताना उडणारे पाणी ठिणगीच्या उजेडात पाहून वर्षानुवर्षे हाताने रेखाटीत असत. ती चित्रे सुरेख, प्रमाणबद्ध होती. १८९४ मध्ये छायाचित्रे हाती आली, तेव्हा त्या मुकुटाची टोके लहानमोठी, वाकडीतिकडी निघाली! डोळ्याच्या साक्षीत मनाची भर असते, ती अशी.

तेव्हा शटरचा वेग ठरविणे म्हणजे पाण्याविषयी काय सांगायचे ते ठरविणे. पदर हवा असेल तर ढगाळ दिवस निवडावा, भिंगाचे छिद्र लहान करावे. प्रकाश आठपट घटविणारी राखी काच भिंगापुढे लावली, की १/२५ सेकंदाचे काम सुमारे १/३ सेकंदाचे होते. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवावा. खडक स्थिर राहिला तरच पाणी वाहताना दिसते. दोन्ही हलले तर नुसता धूसरपणा उरतो. लाटेचा तडाखा दाखवायचा असेल, तर मात्र १/१००० सेकंदाकडेच वळावे.

येथे एक जबाबदारी येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पाणी शिरले. तसल्या पाण्याचे चित्र १ सेकंद शटर उघडे ठेवून काढले, तर ते रेशमासारखे मऊ आणि मोठे देखणे दिसेल. कॅमेऱ्याच्या हिशेबात त्यात खोटे काही नाही. पण वाहून जाणारी भांडी, मोडके वासे, गढूळ लोंढ्याचा जोर, सारे त्या मऊपणात पुसले जाईल. ज्याचे घर गेले, त्याच्याशी ती प्रतारणा ठरेल.

म्हणून आम्ही म्हणतो, खरेपणा शटरच्या आकड्यात नसतो. समोरचे पाणी कोणाचे काय करीत आहे, हे ओळखून आकडा निवडण्यात तो असतो. आता हातोहाती कॅमेरे आले आहेत. बटण दाबण्यापूर्वी एवढा विचार प्रत्येकाने करावा.