वाळूजला कोण जाणार?



  १९५७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, भरले होते आणि अनंत काणेकर अध्यक्ष होते. हा उल्लेख केल्याशिवाय इथले अध्यक्षीय भाषण सुरू होत नाही. तो झाला.

निमंत्रणपत्रिकेप्रमाणे आजच्या अध्यक्षाने ‘ऑनलाइन मुक्तलेखन : सद्यःस्थितीचा आढावा’ घ्यायचा आहे. आढावा असा : फायव्हर हे ऑनलाइन कामांचे संकेतस्थळ २०१० मध्ये सुरू झाले आणि ते लेखकाच्या कमाईतले २० टक्के कापून घेते. ईलान्स आणि ओडेस्क एकत्र येऊन २०१५ मध्ये अपवर्क हे नाव पुढे आले. तिथे अर्ज करायचा तर ‘कनेक्ट्स’ लागतात आणि ते विकत घ्यावे लागतात, म्हणजे काम मिळायच्या आतच लेखकाचा खिसा हलका होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि शब्दाला काही पैसे या दराने लेख पाडून देण्याचा धंदा बसू लागला. आढावा संपला. आणखी हवा असेल त्यांनी दुपारचा परिसंवाद ऐकावा.

या अध्यक्षाला बरीच वर्षे एकच गोष्ट बोलायची आहे आणि माईक आज हाती आला आहे. मराठी लेखकाला गिऱ्हाइकाच्या दारात जायची लाज वाटते. सिडकोतल्या खोलीत रात्री दोन वाजता टेक्सासमधल्या कुणा दंतवैद्याच्या वेबसाइटसाठी बोली लावायला त्याला लाज वाटत नाही. तिथे शेकडो अर्जांत त्याचा अर्ज कोण वाचतो, हेही तो विचारत नाही. पण शहर बसने वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन, कारखान्याच्या गेटवर नाव लिहून, ‘मला मालकांना भेटायचे आहे’ एवढे म्हणणे त्याला जड जाते.

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे लहानमोठे उद्योग उभे राहिले. दुसऱ्या अंगाला चिकलठाणा, शेंद्रा आणि आता ऑरिक या औद्योगिक वसाहती. या प्रत्येक ठिकाणी काही ना काही लिहून हवे असते. वेबसाइट हवी असते, परदेशी प्रदर्शनासाठी माहितीपत्रक हवे असते, मशिनवर लावायच्या सूचना, नव्या कामगारासाठी पुस्तिका, वर्धापनदिनाला मालकाचे भाषण. सध्या हे लिहितो कोण? एचआरमधला नवा मुलगा, मालकाची इंग्रजी शाळेत शिकलेली पुतणी, नाही तर फ्लेक्स छापणारा. आणि लेखक निराला बाजारात चहा पीत सांगत असतो की या गावात लेखनाला गिऱ्हाईक नाही.

ही मिजास मराठीत आली कुठून? निदान श्रीधर व्यंकटेश केतकरांकडून तरी नाही. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाला महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढायचा होता. कुणी संस्थानिक उदार होईल याची वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांनी मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले आणि खंड छापून व्हायच्या आधीच वर्गणीदार गोळा केले. विद्वानाने असली दुकानदारी करावी का, असे म्हणत नाक मुरडणारे तेव्हाही होते. २३ खंड पुरे झाले. एवढ्यावर न थांबता, कामगार, कर्ज, वर्गणीदार, भांडणे या सगळ्या खटपटीची हकीकत केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहून ठेवली. १९३१ मध्ये ते हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा हे शहरही त्याच निजामी राज्यात होते. कुणी म्हणेल, केतकरांची अखेर ओढगस्तीत झाली. झाली, पण ज्ञानकोश अर्धवट राहिला नाही. इथल्या किती जणांनी ते पुस्तक वाचले आहे, हात वर करा असे अध्यक्ष म्हणणार नाही. सभागृहाची अडचण होईल.

आता सकाळपासून चाललेले वाद. पहिला : लेखकाने एकच विषय धरावा की मिळेल ते लिहावे? आजचा अध्यक्ष वाळूजच्या एका कारखान्यात पहिल्यांदा गेला तेव्हा वॉचमनने त्याला विमा एजंट समजून रजिस्टरमध्ये तशीच नोंद केली. आत मालकाने विचारले, “लेखक म्हणजे कविता वगैरे?” कवितेला बगल देऊन अध्यक्षाने टेबलावरचे माहितीपत्रक उचलले. पहिल्या पानावर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, मग ध्येय, मग दूरदृष्टी. कंपनी गिअर बनवते, कुठल्या पोलादाचे बनवते आणि किती मायक्रॉनपर्यंत अचूक बनवते, हे शेवटच्या पानावर, बारीक टायपात. “शेवटचे पान पुढे आणा,” अध्यक्ष म्हणाला. मालकाने चहा मागवला. पुढची कामे त्या मालकाच्या ओळखीतून आली, आणि गिअर, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट हाच अध्यक्षाचा विषय झाला. विषय पहिले गिऱ्हाईक ठरवते. लिंक्डइनवरच्या परिचयात तो आधी कोरून ठेवण्यात काही हशील नाही. वाद मिटला.

दुसरा वाद नमुन्याचा : नमुना लेख फुकट द्यावा का? एका एजन्सीने, नाव राहू द्या, बऱ्याच जणांकडून फुकट नमुना लेख मागवले, कुणालाच काम दिले नाही, आणि काही महिन्यांनी त्यांतले काही लेख तिच्या गिऱ्हाइकाच्या वेबसाइटवर झळकले. तेव्हापासून हा अध्यक्ष छापून आलेले जुने काम दाखवतो. नवे हवे असेल तर निम्मी रक्कम आगाऊ.

तिसरा वाद कृत्रिम बुद्धिमत्तेचा, ज्यावर सकाळी दोन तरुण मित्र हातघाईवर आले. एका प्रेस शॉपमध्ये मराठी सूचना चॅटबॉटकडून लिहून घेतल्या होत्या. मजकूर शुद्ध होता, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा. फक्त तिसरी पायरी त्या मशिनवर करताच येत नव्हती, कारण आधी सुरक्षा गार्ड बंद केले तर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, आत जातच नाही. हे कळायला अध्यक्षाला एक अख्खी शिफ्ट ऑपरेटरशेजारी उभे राहावे लागले. त्या उभे राहण्याचे पैसे मालकाने बिनतक्रार दिले. ज्यांना घरून उठायचे नाही त्यांनी मात्र खुशाल घाबरावे.

पैशांचे दोन शब्द, कारण आपल्या संघटनेच्या सभासदांची पत्रे त्याच रडगाण्याने भरलेली असतात. सरकारची उद्यम नोंदणी फुकट होते आणि सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या पुढे लांबवता येत नाही, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. व्याजाचे कलम अकाउंटंट हसून सोडून देतो, प्राप्तिकराचे नाही. अध्यक्षाने एका रखडलेल्या बिलावर उद्यम क्रमांक आणि हे कलम एवढेच छापून पुन्हा पाठवले, तेव्हा वर्षभर मीटिंगमध्ये असलेला अकाउंटंट स्वतः फोनवर आला. तसेच कॉपीराइटचे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क सोपवायचा तर तो लेखी आणि सहीनिशी लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. ‘सगळे हक्क आमचे’ असे व्हॉट्सॲपवर कळवणाऱ्यांना हे कलम अदबीने पाठवावे.

संघटनेने एक किमान दरपत्रक आणि एक पानी नमुना करार तयार करावा अशी अध्यक्षाची सूचना आहे. त्यासाठी समिती नेमावी, निमंत्रक कार्यकारिणीने ठरवावा, आणि मसुदा पुढच्या अधिवेशनात, फार तर त्याच्या पुढच्या, मांडावा. तपशील यथावकाश.

उद्या सकाळी दहाला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सर्जनशीलता’ हा परिसंवाद छापला आहे. अध्यक्षाचा अधिकार वापरून तो दुपारी ढकलला आहे. सकाळी साडेनऊला सर्वांनी महावीर चौकात, बाबा पेट्रोल पंपापाशी जमायचे. सोबत छापून आलेल्या कामाचे एक पान, दोन पेने आणि बसला सुटे पैसे. परिसंवादाच्या वक्त्यांनीही यायचे आहे.