धबधब्याकाठचे गिरणीगाव



पावसाने जोर धरला, की बेळगाव, निपाणी, संकेश्वर या भागातील मंडळी गोकाकचा धबधबा पाहावयास निघतात. घटप्रभा नदी तेथे घोड्याच्या नालासारखे वळण असलेल्या खडकावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. तांबूस पाण्याचा तो लोट, वर उसळणारे तुषार आणि अखंड चाललेला घोष यांनी पाहणारा भारावून जातो. भाजलेली कणसे खाऊन होतात, छायाचित्रे काढून होतात आणि मंडळी परतीच्या वाटेला लागतात. धबधब्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या या पाहुण्यांची पाठ मात्र बहुधा एका गावाकडे असते. गोकाक शहरापासून सुमारे सहा किलोमीटरवर असलेले हे गाव म्हणजे गोकाक फॉल्स. आजचे चार शब्द त्या गावाविषयी आहेत.

घटप्रभा ही सह्याद्रीची लेक. चंदगडच्या डोंगराळ मुलखातून ती पूर्वेकडे निघते. आंबोलीस उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज आणि संकेश्वर ही गावे मागे टाकून तिला येऊन मिळते. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरांत पडलेला पाऊसच असा गोकाकच्या कड्यावरून कोसळत असतो. राज्यांच्या सीमा माणसांनी आखल्या; पाण्याने त्या कधी मानल्या नाहीत.

या पाण्याच्या बळावर सूत कातता येईल, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. १८८५ साली 'गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन झाली आणि १८८७ साली गिरणी सुरू झाली. कंपनीच्या नावातही पाण्याची शक्ती आधी आणि कारखाना मागून, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या काळी मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. येथे कोळसा नव्हता. पण काळ्या जमिनीतला कापूस जवळ होता, नव्याने होत असलेला लोहमार्ग जवळ होता आणि उंचावरून फुकट पडणारे पाणी तर दारातच होते. त्या पाण्याने टर्बाइनची चक्रे फिरू लागली, चक्रांनी चात्या फिरू लागल्या आणि चात्यांभोवती माणसांची वस्ती उभी राहिली.

त्या वस्तीत वाढलेल्या मुलांच्या आठवणी ऐकण्यासारख्या असतात. पाहुण्याला धबधबा हे नवल. त्यांना तो शेजारी. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून नदीला किती पाणी आहे, हे ते सांगत. दिवसाचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. पहिल्या भोंग्याला चूल पेटे, दुसऱ्याला वडील घराबाहेर पडत. पाळी सुटली, की केसांत आणि भुवयांत कापसाची पिंजण घेऊन माणसे परतत. तरणीताठी माणसेही त्या वेळी म्हातारी दिसत आणि मुलांना त्याचे हसू येई. ती पिंजण छातीतही जाते, हे समजण्याचे त्यांचे वय नव्हते.

नदीवरचा झुलता पूल हे या बालपणाचे दुसरे दैवत. सुमारे २०० मीटर लांबीचा हा पूल खालच्या खडकापासून १४ मीटर उंचीवर लोंबतो. त्यावरून पहिल्यांदा चालताना आईचा पदर घट्ट धरलेला असे. पुढे तोच मुलगा वडिलांचा डबा घेऊन एकटा पलीकडे जाऊ लागला, की घरात तो मोठा झाला असे समजत. काठावरचे चालुक्यकालीन महालिंगेश्वराचे देऊळ, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी खडकाची पाठ, गोकाकच्या बाजारातून पगाराच्या दिवशी येणारा डिंकाचा नि सुक्या मेव्याचा करदंट, रंगविलेली लाकडी खेळणी, या साऱ्यांनी ते बालपण भरलेले होते. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि खेळात दोहोंची मिसळ, हे त्यांना शिकवावे लागले नाही.

या आठवणींना एक दुखरी बाजू आहे. शेतकऱ्याच्या मुलाला वडिलोपार्जित घर असते. ते पडके असले तरी त्याचे असते. गिरणीच्या वसाहतीतील खोली नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर सुटते. वडील निवृत्त झाले, की बिऱ्हाड हलते आणि ज्या उंबरठ्यावर मूल रांगले, तेथे दुसऱ्याची पादत्राणे दिसू लागतात. पुणे-मुंबईस गेलेला असा मुलगा पुढे गावी आला, तर त्याने 'हे माझे घर' म्हणून बोट कोठे दाखवावे? पूल, देऊळ आणि धबधबा, एवढेच त्याला आपले म्हणता येते. म्हणून त्याच्या लेखी ती प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. तेच त्याचे माहेर.

अशी गावे जगात इतरत्रही आहेत. फिनलंडमधील तांपेरे या शहरात दोन सरोवरांच्या मधल्या १८ मीटरच्या उतारावरून ताम्मेरकोस्की नावाचा प्रवाह धावतो. १८२० साली जेम्स फिनलेसन या स्कॉटिश गृहस्थाने त्याच्या काठी कारखाना काढला. पुढे तीच मोठी कापडगिरणी झाली आणि १८८२ साली तिच्या विणकामशाळेत विजेचे दिवे लागले. त्या गिरणीचीही स्वतःची शाळा, रुग्णालय आणि चर्च होते. तेथील कापडाचे काम आता थांबले आहे. परंतु गिरणीच्या जुन्या इमारतींत कामगारांच्या जीवनाचे संग्रहालय आहे आणि अमुरी या भागात कामगारांची लाकडी घरे जशीच्या तशी जपलेली आहेत. चार कुटुंबांनी मिळून वापरलेले एकच स्वयंपाकघर तेथे पाहावयास मिळते. राजवाडे सारेच जपतात. त्या शहराने चूल जपली.

आपल्याकडे पाण्याचे दिवसही पालटत आहेत. वर हिडकल येथे धरण झाले; कोरड्या महिन्यांत धबधबा रोडावतो, तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच नदीने गोकाक शहरात शिरून अनेकांचे संसार बुडविले. पुरात कागद जातात, छायाचित्रे जातात. आणि माणसे जातात तेव्हा आठवणीही जातात.

त्या वाचविण्यास मोठा निधी लागत नाही. या परिसरातील शाळांनी मुलांना एकच काम सांगावे: घरातल्या वा शेजारच्या वृद्ध कामगाराजवळ बसून तो कोणत्या पाळीला जात होता, कोणत्या खात्यात होता, पहिल्या पगारात त्याने काय आणले, एवढे विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे, कन्नडमध्ये सांगेल तर कन्नडमध्ये, मराठीत सांगेल तर मराठीत. अशा शंभर वह्या जमल्या, तर गोकाक फॉल्सचा इतिहास लिहिण्यास पुढे कोणी तरी निश्चित उभा राहील. न जमल्या, तर धबधबा राहील. त्याच्या काठी कोण राहत होते, हे मात्र सांगता यावयाचे नाही.