दरबाराची नक्कल



तैलरंग शिकायचे तर एखाद्या जुन्या समूहचित्राची नक्कल करावी, असे आम्ही म्हटले की काही मंडळी नाक मुरडतात. नक्कल म्हणजे चोरी, असा त्यांचा समज. आपल्याच जिल्ह्यात, औंधच्या संग्रहालयात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी युरोपीय चित्रांच्या नकला हौसेने लावल्या, त्या काय चोरीचा माल म्हणून?

आम्ही सुचवतो ते चित्र पुण्याच्या दरबाराचे. १७९० साली मॅलेटने टिपूविरुद्ध पेशव्यांशी तह केला, तो प्रसंग. जेम्स वेल्स मुंबईस आला १७९१ साली. म्हणजे त्याने तो पाहिलाच नव्हता. त्याने माणसांची रेखाटने केली आणि १७९५ साली तो वारला. त्यांवरून टॉमस डॅनियलने १८०५ साली विलायतेत चित्र पुरे केले. आता यात नक्कल कोणती आणि अस्सल कोणते?

सुटे चेहरे जमतात. त्यांना एका उजेडात बसवताना घाम फुटतो. आधी तपकिरी रंग टर्पेंटाइनने पातळ करून नुसत्या सावल्या मांडाव्यात. जवसाच्या तेलाचा भरदार थर नंतर. उलट केले, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला भेगा पडतात. मागल्या रांगेतल्या माणसाचे डोळे कोरत बसू नये. सवाई माधवरावांकडे मग कोणी पाहणार नाही.

मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. आपणांस छापील प्रतीवरच भागवावे लागेल. छापात सावल्या काळवंडतात, तेवढे सांभाळावे.