परराज्यातलं शिक्षण आणि आपला खिसा

(गणेशोत्सवात मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



मागच्या गणपतीत याच मंचावर दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. श्रीफळ, प्रशस्तिपत्रक, फोटो, सगळं झालं. नंतर प्रसाद घेताना एका मुलाची आई हळूच म्हणाली, "भाऊ, मार्क तर चांगले आले, पण पुण्याला पाठवायचं कशाच्या जोरावर?" आम्ही तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून आज उभे आहोत. बोलणारा एक असला तरी अनुभव आम्हा नवरा-बायकोचा आहे, तेव्हा 'आम्ही' म्हणतो. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. घरात एकच पगार, तोही डिप्लोमावर लागलेल्या सरकारी नोकरीचा, वर्षाला सात लाखांच्या आसपास. दोन मुलांना इंदूरबाहेर शिकायला पाठवलं. पहिल्या वेळी चुकलो, दुसऱ्या वेळी सावरलो. दोन्हीचा हिशेब आपल्यापुढे ठेवतो.

आधी चूक. मोठ्या मुलाला महाराष्ट्रातल्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला. फी वर्षाला ३ लाख, पण बारावीच्या गुणांवर ५० टक्के सवलत. पत्र हातात आलं तेव्हा घरात पेढे वाटले. दीड लाख फी, सव्वा लाख होस्टेल आणि मेस, म्हणजे वर्षाला पावणेतीन आणि चार वर्षांचे ११ लाख. ओढाताण होईल, पण जमेल, असं धरून चाललो. त्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती, ती आमच्यापैकी कोणीच वाचली नाही. सवलत पुढे चालू राहायची तर दरवर्षी सीजीपीए ८ च्या वर हवा. पहिल्या वर्षी मुलाचा आला ७.६. दुसऱ्या वर्षापासून फी पूर्ण ३ लाख. तीन वर्षांत साडेचार लाख वाढले. ११ लाखांचं शिक्षण साडेपंधरा लाखांना पडलं.

मुलाने ही गोष्ट आम्हाला दोन महिने सांगितली नाही. दिवाळीला तो घरी आला नाही, प्रोजेक्ट आहे म्हणाला. खरं तर तिकिटाचे पैसे वाचवत होता. संध्याकाळी शिकवण्या घेत होता, आणि त्यामुळे अभ्यास आणखी मागे पडत होता. हे कळलं त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही. पैसे कर्मचाऱ्यांच्या साख संस्थेतून उचलले. मुलगा पास झाला, आता नोकरीला आहे, अर्धा हप्ता तोच भरतो. पण ते एक पान आम्ही वाचलं असतं, तर त्याची दोन वर्षं इतकी जड गेली नसती.

म्हणून पहिली गोष्ट. कॉलेजची फी किती, असं विचारून थांबू नका. सगळी मदत वजा जाता चार वर्षांत आपल्या खिशातून किती जाणार, हे विचारा. गुणवत्तेवर मिळणारी सवलत एका वर्षाची की चारही वर्षांची? कशावर टिकते? होस्टेलला लागू आहे का? दरवर्षी फी किती वाढते? ही उत्तरं लेखी घ्या आणि मगच पैसे भरा.

दुसरी गोष्ट जरा मनाला लागणारी आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहोत. घरात मराठी, गणपती मराठी, पुण्याला गेलो की माहेरी गेल्यासारखं वाटतं. पण प्रवेशाच्या अर्जात आपण महाराष्ट्राबाहेरचे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती किंवा पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता, या योजना महाराष्ट्राचा अधिवास असलेल्यांसाठी आहेत, आणि अधिवासाला साधारण १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. बेळगावकडच्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळा प्रकार आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यासाठी तसा नाही. एनआयटीमध्येही निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या. म्हणजे भोपाळच्या मॅनिटमध्ये आपण घरचे आणि नागपूरच्या व्हीएनआयटीमध्ये बाहेरचे. आयआयटीत मात्र असा राज्याचा कोटा नाही.

यावर आम्हाला एका नातेवाइकाने तोडगा सुचवला होता. "आमचा पत्ता लावा, महाराष्ट्राचं डोमिसाईल काढून देतो." प्रेमानेच सुचवलं. आम्ही हात जोडले. खोट्या दाखल्यावर घेतलेला प्रवेश तिसऱ्या वर्षीही रद्द होऊ शकतो. शिवाय ज्या मुलीला आपण शिकायला पाठवतो, तिचा पहिलाच कागद खोटा करून कसं पाठवायचं? आपला मध्य प्रदेशचा मूल निवासी दाखला खरा आहे. त्यावर काय मिळतं, ते बघू.

आता प्रत्यक्ष योजना. घरच्या वार्षिक उत्पन्नाच्या पायऱ्या लक्षात ठेवा, म्हणजे गोंधळ होत नाही.

उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल आणि मुलगा आयआयटी किंवा एनआयटीत गेला, तर शिकवणी शुल्काचा दोन तृतीयांश भाग माफ होतो. १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना उत्पन्न न बघता पूर्ण माफी आहे. आयआयटीची २ लाखांची आणि एनआयटीची सव्वा लाखाची फी ऐकून अनेक जण फॉर्मच भरत नाहीत, आणि माफी त्यांच्याचसाठी असते.

साडेचार लाखांच्या आत असेल आणि बारावीला बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर गुण असतील, तर केंद्राची शिष्यवृत्ती आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार. बीए, बीकॉमलाही चालते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर.

८ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी तंत्रशिक्षणाला जात असेल, तर एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती. वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. निवड गुणवत्तेवर होते. पण अर्ज पहिल्या वर्षीच करायचा, किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला तर त्या वर्षी. तेव्हा राहिला तर पुढची सगळी वर्षं गेली.

मूलभूत विज्ञानात बीएस्सी करायची असेल आणि बोर्डात वरच्या १ टक्क्यात गुण असतील, तर इन्स्पायर. वर्षाला ८० हजार. बुद्धिमान मुलांना आपण डोळे झाकून इंजिनिअरिंगला घालतो, त्यांच्या पालकांनी ही नक्की बघावी.

आपल्या राज्याची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे. बारावीला राज्य बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के हवेत, आणि इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आत रँक. बाहेरच्या राज्यातलं कॉलेज घेणार असाल, तर ते यादीत बसतं का, हे प्रवेशाआधी पोर्टलवर तपासा.

राहिलं कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही. शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडलेल्या संस्थांमध्ये शिकणाऱ्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर या काळात व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर ही व्याज सवलत मिळत नाही. जास्त फायदा कशात आहे, ते कागदावर मांडून ठरवा.

आता धाकट्या मुलीचा हिशेब. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात, अखिल भारतीय जागेवर, जेईई मेनच्या गुणांवर तिला हवी ती शाखा मिळाली. फी १ लाख ६० हजार, राहणं-खाणं-प्रवास १ लाख २० हजार. चार वर्षांचे ११ लाख २० हजार. फीवाढ, लॅपटॉप धरून साडेबारा लाख. प्रगती शिष्यवृत्तीचे चार वर्षांत २ लाख. बँकेचं कर्ज साडेपाच लाख, तिच्या नावाने. उरले ५ लाख, म्हणजे ४८ महिने दर महिना साधारण १० हजार ४००. ही रक्कम आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. कर्जाचं व्याज दर महिन्याला भरतो, साठू देत नाही. मुलीला हा सगळा आकडा माहीत आहे. मुलापासून आम्ही पैशाची गोष्ट लपवली, म्हणून त्यानेही आमच्यापासून लपवली. ती चूक पुन्हा केली नाही.

आणि एक सांगतो. तिला हवी ती शाखा एसजीएसआयटीएसमध्ये मिळाली असती, तर आम्ही तिला इंदुरातच ठेवलं असतं. घरी राहून निम्म्या पैशात झालं असतं. १८९१ चं होळकर सायन्स कॉलेज किंवा १९५२ चं एसजीएसआयटीएस ही काही कमी घराणी नाहीत. बाहेर पाठवायला कारण हवं. शेजाऱ्याचा मुलगा पुण्याला गेला, हे कारण नव्हे.

कागदांबद्दल दोन शब्द, कारण गाडी इथेच अडते. मूल निवासी, आय प्रमाणपत्र, समग्र आयडी, आधार जोडलेलं बँक खातं, हे सगळं अकरावीतच तयार करा. लोकसेवा केंद्रात मे-जूनमध्ये रांगा लागतात. आपल्या मराठी घरांची खास अडचण म्हणजे नाव. आधारवर मुलीचं नाव, मध्ये वडिलांचं, मग आडनाव. मार्कशीटवर मधलं नाव गायब. पोर्टल म्हणतं, या दोन वेगळ्या मुली. आमचे तीन आठवडे त्यात गेले, अर्ज शेवटच्या चार दिवसांत भरला. आजच घरी जाऊन दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. आणि दरवर्षी नूतनीकरण असतं, ते विसरू नका.

मित्रहो, शिष्यवृत्ती मागायला आपल्याकडे अजून लाज वाटते. "लोक काय म्हणतील, पगारदार माणूस मदत मागतो." आपल्या शेजारच्या महूत १८९१ साली जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांचं आणि मित्राचं साहाय्य घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. शिष्यवृत्ती, स्वतःची बचत आणि उसनवारी, या तिन्हींवर ते शिक्षण पूर्ण झालं. इतक्या मोठ्या माणसाला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

शेवटी मंडळाला दोन विनंत्या. एक, सत्कारासोबत एक टेबल मांडा. गणपती ते दिवाळी दर रविवारी दहा ते बारा, याच सभागृहात. आपल्यात बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, पोर्टलवर झरझर बोटं चालवणारी मुलं आहेत. आम्ही दोघं येत्या रविवारपासून बसतो.

दुसरी, शिष्यवृत्तीचे पैसे फी भरल्यानंतर, कधी कधी बऱ्याच महिन्यांनी खात्यात येतात. कॉलेज मात्र थांबत नाही. त्या मधल्या काळासाठी मंडळाने एक छोटा निधी ठेवावा. २५ हजारांपर्यंत, बिनव्याजी, पैसे आले की परत करायचे, म्हणजे तेच पुढच्या मुलाला देता येतील. सजावटीतले थोडे हजार यंदा तिकडे वळवले, तर बाप्पा रागावणार नाही, तो विद्येचाच देव आहे. आमच्याकडून पहिले ५ हजार आत्ताच खजिनदारांकडे देतो.

मागच्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या ताई आज समोर बसल्या आहेत. ताई, उत्तराला एक वर्ष उशीर झाला. रविवारी फाईल घेऊन या, मुलालाही आणा. बसून हिशेब करू.

गणपती बाप्पा मोरया!