गाणारी मंडळी



ह्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘ख्रिस्ती उपासनेतील गायन’ हा विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. हा मनुष्य बोनस, ओव्हरटाइम आणि पेन्शन ह्यांपलीकडे काही बोलतो, हे आमच्या घरच्यांनाही अलीकडेच कळले. आम्ही ख्रिस्ती नव्हे. वडील माळकरी होते. शिक्षण म्हणाल तर शाळेत थोडे आणि पुढचे सारे तिसऱ्या पाळीनंतर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिताचे व्याख्यान ऐकावयास आला असाल तर आधीच क्षमा मागतो.

विषयाकडे आम्ही वळलो तो एका अंत्यविधीमुळे. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या खात्यातला एक ख्रिस्ती फिटर वारला. युनियनचे जुने सभासद म्हणून आम्ही दहाबारा जण भुसावळला दफनविधीस गेलो. खिशात श्रद्धांजलीचे भाषण लिहून नेले होते. पाळकांनी प्रार्थना केली आणि मग बायकांनी पुस्तक न उघडता एक अभंग धरला. चाल आमच्या घरातलीच. आमच्या शेजारी उभा असलेला विणेकरी सहकारी, ज्याने ख्रिस्ती देवळाची पायरी जन्मात पाहिली नव्हती, दुसऱ्या कडव्याला टाळी देऊ लागला. मृताची पत्नी तोवर दगडासारखी बसून होती. ती गाऊ लागली, आणि गाता गाता रडली. आमचे भाषण खिशातच राहिले, आणि ते राहिले ह्याचे आम्हांस फार बरे वाटले. हा अभंग कोणाचा, हे परतीच्या बसमध्ये कोणासच सांगता येईना. तेथून वाचन सुरू झाले.

वाचता वाचता प्रथम जे हाती लागले ते आम्हां चळवळीतल्या माणसास चकित करणारे होते. सन 386. इटलीतले मिलान शहर. बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ह्याची आई जस्टिना हिने तेथील बिशप अँब्रोझ ह्यांच्याकडे एक चर्च मागितले. तिचा पंथ निराळा होता. अँब्रोझ देईनात. सैनिकांनी चर्चला वेढा घातला, लोक आत बसून राहिले आणि रात्रीमागून रात्री गेल्या. म्हणजे आपल्या भाषेत ठिय्याच! संत ऑगस्टिन ह्यांची आई त्या लोकांत होती आणि ही हकिकत त्यांनीच लिहून ठेविली आहे. लोक दुःखाने आणि कंटाळ्याने खचून जाऊ नयेत म्हणून पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांच्या रीतीप्रमाणे सर्वांनी मिळून स्तोत्रे गाण्याची प्रथा तेथे तेव्हा पडली, असे ते सांगतात. ज्याने गेटवर तीन रात्री धरणे धरले आहे त्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्या रात्री घोषणा पुरतात. दुसऱ्या रात्री घसा बसतो आणि मन घराकडे धावते. तिसऱ्या रात्री कोणी गाणारा असेल तरच माणसे टिकतात.

ह्याच ऑगस्टिनना पुढे दुसरी भीती वाटू लागली: शब्दांपेक्षा सुरांनीच आपण अधिक हेलावतो की काय? गाणे टाकावे की ठेवावे, ह्याचा त्यांना पुरता निर्णय करता आला नाही. हा प्रश्न आपल्या भजनीमंडळांनाही लागू आहे, पण तो राहू द्या.

पुढे शतकानुशतके पश्चिमेकडच्या चर्चमधले गाणे बहुतांशी लॅटिनमध्ये, धर्मगुरू आणि गायकवृंद ह्यांच्या मुखी गेले, आणि सामान्य माणूस श्रोता झाला. मार्टिन लूथर ह्यांनी ते गाणे लोकभाषेत लोकांच्या हाती दिले. 1524 साली निघालेल्या त्यांच्या पंथाच्या पहिल्या पुस्तिकेत अवघी आठ गीते होती. त्याच सुमारास झुरिकमध्ये झ्विंग्ली ह्यांनी उपासनेतून गाणे मुळातच काढून टाकिले, आणि गंमत अशी की हे गृहस्थ स्वतः उत्तम वादक होते! कॅथॉलिक पंथात लोकभाषेची वाट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये मोकळी केली. आज वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा गाइली जाते ती त्यामुळे.

आता आपल्या घरात येऊ. मराठीत ख्रिस्ताची कथा गाण्याजोगी प्रथम रचिली ती एका इंग्रजाने. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले, आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही रोमन लिपीत छापलेल्या. नवख्रिस्तींना पुराण ऐकण्याची सवय होती. ती सवय न मोडता त्यांना नवे पुराण द्यावे, हा त्यामागचा विचार. सगळ्यांना देवनागरीत ते वाचता यावे ह्यासाठी मात्र 1956 साल उजाडावे लागले. ते काम शांताराम बंडेलू ह्यांनी केले.

स्टीफन्सना जे उमगले ते एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांस लवकर उमगले नाही. त्यांनी इंग्रजी भजनांची मराठी भाषांतरे केली आणि ती मूळच्या इंग्रजी चालींवर बसविली. इंग्रजी पद्य आघातावर चालते, आपले मात्रा आणि अक्षरे ह्यांवर. परिणाम असा की, ‘दया’ शब्दातला ह्रस्व ‘द’ रबरासारखा ताणावा आणि दीर्घ ‘या’ झटक्यात गिळावा! नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून आलेली, अक्षर न ओळखणारी माणसे हे गात कशी असतील ते त्यांचे त्यांना ठाऊक. गावच्या देवळात ज्यांना पाऊल टाकू देत नव्हते, त्यांना येथे गाण्याचा हक्क मिळाला खरा. पण गळा परका वापरावा लागला.

ह्यातून वाट काढणारांपैकी अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांचे नाव घेतले पाहिजे. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पण ज्यांच्यामुळे मंडळी खऱ्या अर्थाने गाऊ लागली ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. (ख्रिस्ती लोक आपल्या धर्मसमुदायास ‘मंडळी’ म्हणतात, वारकऱ्यांसही हा शब्द नवा नाही.) जन्म 1861, कोकणस्थ ब्राह्मण घर, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी ‘स्मृतिचित्रे’ मध्ये त्या ताटातुटीची जी कहाणी लिहिली आहे ती आपण वाचलीच असेल. नसेल तर आमचे व्याख्यान सोडून ती वाचा. टिळकांनी धर्म बदलला, पण तुकोबा सोडले नाहीत. ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामांच्या वाटेने आलो असेच ते मानीत. अभंग, ओव्या, पदे अशी त्यांची दोनशेहून अधिक गीते मंडळीच्या ‘उपासना संगीता’त आली. भुसावळचा तो अभंग त्यांचाच, हे आम्हांस पुढे पाळकांनी सांगितले. 1919 मध्ये टिळक गेले, पण त्यांचे शब्द न वाचता येणाऱ्यांच्या जिभेवर राहिले. आपल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, तरी त्यांच्या ओव्या कशा जगल्या हे खानदेशास सांगावयास नको.

देवघेव एकाच बाजूने झाली असे मात्र नाही. त्यांनी टाळ घेतले. आणि ज्या पेटीवाचून आपले भजन आता अडते, ती पेटी साहेबाच्या आणि मिशनऱ्याच्या सामानातून आली. आम्हां युनियनवाल्यांनीही उसने घेतलेच आहे. ‘हम होंगे कामयाब’ आपण गेट-मीटिंगमध्ये गातो. त्याचे मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळींच्या भजनांत आहे. 1945 साली चार्ल्स्टन शहरातल्या तंबाखू कारखान्याच्या संपात कामगार स्त्रियांनी ते गाइले, आणि तेथून ते चळवळीचे झाले. हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुर ह्यांचे. आमच्या एका जहाल मित्रास हे सांगितले तेव्हा त्याने आठ दिवस ते गाणे म्हटले नाही. नवव्या दिवशी पगाराचा प्रश्न निघाला आणि तो पुन्हा गाऊ लागला!

आता थोडी तक्रार. ध्वनिवर्धक आल्यापासून चर्चमध्ये, देवळात आणि आमच्या मोर्च्यातही चारजण गातात आणि बाकीचे हात बांधून ऐकतात. आता तर गाणेही तयार मिळते; मोबाइल लाविला की झाले. मागे एका संपात ‘वेळ नाही, रेकॉर्ड लावा’ असे आम्हीच म्हणालो होतो. रेकॉर्ड लागली, आणि माणसे मंडपातून उठून चहाला गेली.

पुस्तकात शब्द छापता येतात. चालीचे नावही छापता येते. पण चाल तोंडातून तोंडात जाते. त्या फिटरची पत्नी आता ऐंशीच्या घरात आहे. जुन्या चाली तिच्या वयाच्या दोघीतिघींनाच येतात, असे पाळक म्हणाले. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही, तो विणेकरी आणि बाईंची नात असे तिच्या ओट्यावर बसलो. विणेकऱ्याने टाळ धरला, नातीने मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले. तीन चाली पुऱ्या मिळाल्या. चौथीचा अंतरा बाईंना आठवेना, त्या दोनदा थांबल्या आणि म्हणाल्या, “दादा, ही माझ्या नगरच्या बहिणीला येते.” बहीण फोनवर गावयास तयार नाही. तेव्हा पुढच्या महिन्यात आम्ही बाईंना घेऊन नगरला जाणार आहोत.